सहा वर्षं बिनहाकेची

माझ्या पोलिश सुनेकडे लाडाच्या नावांचा तोटा कधीच नव्हता. आमच्या न्यूझीलंडमधल्या, रोटोटुनाच्या घरात सकाळी सातला हा कारखाना सुरू व्हायचा. चार वर्षांची नात डोळे चोळत खाली आली की आधी 'झाप्को', म्हणजे छोटी बेडकी. दूध प्यायली की 'रिप्को', मासोळी. मोजे घालायला नको म्हणाली की 'मिश्को', उंदरी. आणि शेवटी घातलेच मोजे, तर 'स्वोनेच्को', म्हणजे इवलासा सूर्य. माझा मुलगा शंभर किलोचा, दाढीवाला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर कपाळाला आठ्या घालून बसणारा. तो तिचा 'मिशू'. मिशू म्हणजे अस्वलाचं पिल्लू, हे मला कळलं त्या दिवशी मी ओट्याला टेकून पोट धरधरून हसले होते. शेजाऱ्यांचं मांजर आमच्या डेकवर येऊन लोळायचं, त्यालाही तिने दोन नावं ठेवली होती. आणि फोनवर स्वतःच्या आईशी बोलायला लागली की 'मामुशू, मामुशू' इतक्यांदा यायचं की मधल्या वाक्यांना जागा कुठून मिळते याचंच मला नवल वाटे.

मला मात्र ती काहीच म्हणत नसे.

आई नाही, मम नाही. इथल्या सुना सासूला सरळ नावाने हाक मारतात, त्याचीही मी मनाची तयारी केली होती, पण तेही नाही. सहा वर्षं एका छपराखाली राहिलो, एका फ्रिजमधलं खाल्लं, आणि तिच्या तोंडात माझ्यासाठी एक शब्द नव्हता.

आमचं दोघींचं बोलणं इंग्रजीत, त्यामुळे हे लपूनही जायचं. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. पण हाक मारायला 'यू' चालत नाही. म्हणून ती मला कधी लांबून हाक मारायचीच नाही. मी मागच्या बागेत झाडाखाली पडलेली फिजोआची फळं वेचत असले आणि माझा फोन वाजला, तर ती जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, ओलं लॉन तुडवत, अख्खी बाग ओलांडून यायची. वळसा घालून माझ्या समोर उभी राहायची. मी वर बघितलं की हसायची, आणि मग म्हणायची, "तुमचा फोन." तोवर फोन बंद पडलेला असायचा.

नात बोलायला लागली तशी ती टपाल झाली. "आजीला विचार, चहा हवाय का." मी तिथेच, दोन हातांवर, कांदा चिरत उभी. "आजीला सांग, आज मला यायला उशीर होईल." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लेकी बोले सुने लागे हे मी ऐकून होते. इथे नातीला बोले सासूला लागे असा नवीनच प्रकार चालला होता.

मी मुळात तोंडाळ बाई. तीस वर्षं नर्सिंग केलंय, पैकी बावीस या देशात. क्लिनिकमध्ये लोक माझ्या सुईला कमी आणि जिभेला जास्त भितात. पण हे मला विचारता येईना. आपल्याकडे हे कुणी विचारतं का? माप ओलांडलं की सासूची आई होते. एकमेकींचं तोंड बघवत नाही अशा सासवा-सुनाही आई आणि अगं करतच भांडतात. त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. मग ही म्हणत नाही याचा अर्थ एकच, की हिला मी कुणी वाटत नाही. असा निकाल मी पहिल्या वर्षीच लावून टाकला आणि त्यावर सही करून बसले.

आता लाज वाटते ती याची, की हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. माझ्या आईने वडिलांना जन्मात कधी हाक मारली नाही. बांगड्या वाजवायची, खाकरायची, नाहीतर समोर जाऊन उभी राहायची. संबोधनाशिवाय चाळीस वर्षांचा संसार मी डोळ्यांनी बघितला होता. पण आपल्या घरात असला की तो मान, आणि परक्या घरातून आला की तो माज.

आणि मी तरी तिला काय म्हणत होते? अगं. खूश असले तर अगं, चिडलेली असले तर अगं. मुलाला मी लाडाने गाढवा म्हणते, नातीला माकडतोंडे म्हणते. सुनेला लाडाने काही म्हणावं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिच्या बाळंतपणात मी चाळीस दिवस तिची पाठ शेकली, डिंकाचे लाडू वळले, खीर केली, रात्रपाळी बदलून घेतली. हे सगळं म्हणजेच प्रेम, ते वर बोलून काय दाखवायचं, असा आमचा खाक्या. तिने केलेलं बीटाचं आंबूस सूप मला मनापासून आवडायचं. मी दोनदा वाढून घ्यायचे आणि म्हणायचे, "मीठ जरा कमी आहे."

लग्नातली एक गोष्ट सांगते, कारण सगळी चूक तिथे झाली. म्हणजे तिथे झाली हे मला सहा वर्षांनी कळलं.

लग्न इथेच, हॅमिल्टनला, तळ्याकाठी. तिच्याकडून तिची आई आणि दोन मावश्या आल्या होत्या. वडील तिच्या लहानपणीच गेलेले. मी आदल्या आठवड्यात ऑकलंडच्या पापाटोएटोला, देशी दुकानांत जाऊन नारळ, हळदकुंकू आणि दोन किलो पेढे आणले होते. जेवणं चालू असताना तिची आई उठली. बुटकी, गुबगुबीत, जांभळा ड्रेस घातलेली बाई. ती माझ्या मुलाजवळ गेली, त्याला मिठी मारली आणि मोठ्याने पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली. माझा मुलगा लाजला आणि म्हणाला, "मामो," म्हणजे आई. झालं, तिने त्याचे मुकेच मुके घेतले, रडली, मावश्या रडल्या, टाळ्या पडल्या. बाई हौशी आहेत, असं मी मनात म्हटलं.

मग सगळी पोलिश मंडळी माझ्याकडे बघायला लागली. सून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुढे जुळवलेले, कान लाल झालेले. मला वाटलं, यांना आता आपल्याकडचं काहीतरी बघायचंय. मी लगबगीने डबा उघडला आणि तिच्या तोंडात पेढा घातला. थोड्या टाळ्या पडल्या. तिने पेढा खाल्ला आणि तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघत.

मी आणखी एक पेढा दिला.

यावर्षी एप्रिलमध्ये तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गावात एक मावशी आहे, पण ती स्वतःच काठी टेकत चालते. सून एकुलती एक. आठवडाभर ती घरात भुतासारखी फिरत होती, आणि मग एका रविवारी दोघांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं की तिघंही पोलंडला जाताहेत. मुलगा तिथून काम करू शकतो. घर भाड्याने देणार. माझ्यासाठी जवळच एक छानसं छोटं घर बघितलंय, क्लिनिकला चालत जाता येईल. किती दिवसांसाठी, असं मी विचारलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, म्हणजे मला कळलं.

तिकडे ती बाई अर्धी निर्जीव पडलेली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? "आणि मी?"

सून उठली. नात रडतेय असं म्हणून वर गेली. नात रडत नव्हती, खिदळत होती. ती गेल्यावर माझा बांध फुटला.

"जाईलच ती," मी मुलाला म्हटलं. "तिचं काय अडतंय? मी कोण तिची? सहा वर्षांत एकदा मला आई म्हणाली नाही. मांजराला दोन नावं आहेत तुझ्या घरात!"

माझा मुलगा मराठी सगळं समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. पण त्या दिवशी अर्ध्यात मराठीवर आला. "मम, शी कान्ट. तू सांगितल्याशिवाय ती नाही म्हणू शकत."

"काय सांगितल्याशिवाय?"

मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे सासूने स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, की आजपासून मला मामो म्हण. कुणी लग्नातच म्हणतं, कुणी वर्षभर ताटकळत ठेवतं. ते म्हणेपर्यंत सून काहीच म्हणत नाही, शब्दाला वळसा घालून बोलते. आपण होऊन मामो म्हणणं म्हणजे न दिलेली वस्तू उचलण्यासारखं. मूल झालं की पुष्कळजणी मुलाच्या तोंडून आजी, आजी करून वेळ मारून नेतात.

"तिच्या आईने मला लंचच्या वेळी सांगितलं, आठवतंय ना? मग सगळे तुझ्याकडे बघत होते. अँड यू गेव्ह हर अ पेढा."

"दोन," मी म्हटलं.

"येस. टू."

"अरे गाढवा, मग सहा वर्षं तू तोंडात गुळणी धरून बसला होतास?"

तो टेबलावरची भाताची शितं बोटाने गोळा करत राहिला. "तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं मला, तुझी आई कधी म्हणेल म्हणून. मी म्हटलं, गिव्ह हर टाइम. मला वाटलं, तुला नकोय. तू तशीच आहेस ना मम. तू कुणालाच काही म्हणत नाहीस. मग ते राहूनच गेलं."

न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, असं माझी आई म्हणायची. आमच्या घरात दोन पोती गहू समोरासमोर ठेवून आम्ही दोघी सहा वर्षं बसलो होतो.

त्यानंतर ओलं लॉन तुडवत येणारी ती आठवायला लागली. एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी ट्रॉली घेऊन चालले होते आणि मागून एक गाडी रिव्हर्स घेत होती. मला दिसली नाही. सून वीसेक पावलांवर होती. ती न ओरडता धावत आली आणि माझा दंड असा काही ओढला की आठवडाभर हिरवानिळा डाग राहिला. "अगं, ओरडायचं ना!" मी तिच्यावरच डाफरले होते. ती धापा टाकत नुसती बघत राहिली होती. काय म्हणून ओरडणार होती ती?

त्यांना जायला तीन आठवडे होते. म्हटलं तर एका वाक्याचं काम. 'मला मामो म्हण.' क्लिनिकमध्ये लसींच्या फ्रिजसमोर उभी राहून मी ते वाक्य पुटपुटून बघायचे. एकदा रिसेप्शनिस्ट मागून "किया ओरा" असा इथला नमस्कार करत आली आणि विचारलं, कुणाशी बोलतेयस? मी म्हटलं, फ्लूच्या लसीशी. पण घरी आले की ते वाक्य सोडून मी भांडी घासायला घ्यायचे. कारण माझ्या मनात चोर होता. तिला ते आता दिलं, जाताना दिलं, तर ती काय समजेल? की सहा वर्षं मूठ झाकली आणि आता निघाली तर उघडली, आणि तीही थांबवायला. हे खोटं असतं तर मी तेव्हाच बोलून मोकळी झाले असते. ते खोटं नव्हतं. मला तिला थांबवायचंच होतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. माझं इथे या तिघांशिवाय कुणी नाही. तिची आई बरी व्हावी असं मला वाटत होतं, पण ती तिथल्या एखाद्या नर्सच्या हातून बरी व्हावी, असंही वाटत होतं. देव मला काय म्हणेल ते म्हणो.

जायच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेसात, बाहेर हॅमिल्टनचं धुकं, शेजारच्यांचं कुंपणही दिसत नव्हतं. तिकडे आदली रात्र. सून ओट्यावर फोन टेकवून तिच्या आईशी बोलत होती. मावशीने तिकडे फोन धरला होता. मी चहा घ्यायला आले आणि फ्रिजच्या आड थबकले. पडद्यावर ती जांभळ्या ड्रेसवाली बाई होती, पण अर्धा चेहरा घसरलेला, डोळे कुठेतरी वर. सून एकच शब्द म्हणत होती. "मामुशू." थांबायची. "मामुशू." पुन्हा थांबायची. कधी हळू, कधी लाडात, कधी लहान मुलीसारखी रुसून. मी असे कितीतरी पेशंट बघितलेत, मला माहीत आहे की वाट बघावी लागते, कधी येतं, कधी येत नाही. पलीकडून काहीच आलं नाही. शेवटी मावशी काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला. सून पाठमोरी उभी राहिली. तिच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून मी दोन पावलं पुढे झाले आणि विचारलं काय, तर, "टोस्ट करू?"

ती म्हणाली, "हो, चालेल."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गॅरेजमध्ये बॅगांची वजनं करत होतो. मुलगा नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत आइस्क्रीम आणायला गेला होता. मी मसाल्याची पाकिटं तिच्या स्वेटरांमध्ये सरकवत होते. गोडा मसाला तिला आवडायचा, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. डबा मात्र दर महिन्याला संपायचा. मान वर न करता मी म्हणून टाकलं.

"मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे सासूने सांगावं लागतं, ते. मला त्याने आत्ता सांगितलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं." आणि मग मुलाने शिकवलेलं पोलिश वाक्य म्हटलं, माझ्या पुणेरी उच्चारात, चुकत माकत. मला मामो म्हण.

ती मोठ्या बॅगेवर बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडेल. पण तिने हात खाली घेतले.

"तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली, "मी किती वेळा मनात म्हटलंय ते? रोज. बागेत तुमच्याकडे चालत येताना सगळा रस्ताभर."

"मग म्हण ना आता."

तिने मान हलवली. "मी तिला हाक मारते आणि ती ओ देत नाही. तुम्ही द्याल. मी म्हटलं की लगेच द्याल, मला माहीत आहे. मग माझा पाय इथून निघायचा नाही. तिच्याकडे कोण जाईल?" तिने माझा हात धरला, गोड्या मसाल्याने माखलेला. "पण तुमचा शब्द मी मोडणार नाही. तुम्ही म्हणालात तर आत्ता म्हणते. म्हणू?"

सगळं माझ्या हातात होतं. सहा वर्षं जे मागायची मला लाज वाटली ते समोर होतं, आणि ते घेतलं की ती राहणार होती. नात राहणार होती, मुलगा राहणार होता, सकाळी सातचा कारखाना राहणार होता. तिकडे फोन धरून बसलेली मावशी आणि त्या बाईचा वर लागलेला डोळा माझ्यासमोरून हलेना.

"नको म्हणूस," मी म्हटलं. "जा तू. तिला हाका मारत राहा. कानाजवळ जाऊन मार, फोनवरून नको. येतं कधीकधी परत, मी बघितलंय."

हे मी तोंडाने बोलले. मनात मात्र, खरं सांगते, एकच होतं, की एवढं एकदा हिने माझं ऐकू नये. पण सहा वर्षांत त्या मुलीने माझा शब्द कधी मोडला नव्हता. तोही मोडला नाही.